‘दत्तक आहात का? हो / नाही’ : एका रकान्याची चिकित्सा

संशोधनाची प्रश्नावली तयार करताना काही रकाने आपण डोळे झाकून टाकतो. वय, शिक्षण, वैवाहिक स्थिती, घरातली माणसं. मधुमेह, उंची, बुद्ध्यांक, मानसिक आजार अशा कशाचीही आनुवंशिकता तपासायची असेल तर त्यात आणखी एक रकाना येतो : ‘तुम्ही दत्तक आहात का? हो / नाही.’ बहुतेक वेळा तो एखाद्या परदेशी प्रश्नावलीतून भाषांतर होऊन आलेला असतो. गाईड सही करतात, नैतिकता समितीचं लक्ष दुसरीकडे असतं, आणि आपण तो प्रश्न घेऊन गावोगाव फिरायला लागतो.

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी मला या एका रकान्याची चिकित्सा करायची आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं. ‘दत्तक’ या शब्दाखाली आपल्याकडे निदान दोन वेगळ्या व्यवस्था चालतात. एकीत मूल नात्यातल्या नात्यात जातं, दुसरीत अनोळखी घरात. दत्तक मुलांच्या अभ्यासावर उभी असलेली संशोधनपद्धत फक्त दुसऱ्या व्यवस्थेसाठी बनलेली आहे. रकाना मात्र दोघांनाही एकाच ‘हो’मध्ये कोंबतो. अशा माहितीवर काढलेला निष्कर्ष थोडाफार सैल नसतो, तो चुकीच्या दिशेला जातो. आणि प्रश्न नको तिथे विचारला तर एखाद्या घरात जन्मभर जपलेली गोष्ट आपल्यामुळे उघडी पडते.

रकाना आला कुठून?

मूल आईवडिलांसारखं का होतं, याला दोन उत्तरं असतात : त्यांची जनुकं मिळाली म्हणून, किंवा त्यांनी वाढवलं म्हणून. नेहमीच्या घरात ही दोन्ही कारणं एकाच माणसाकडून येतात, म्हणून वेगळी काढता येत नाहीत. दत्तक मुलाच्या बाबतीत जनुकं एका जोडप्याची आणि संगोपन दुसऱ्याचं. मग मुलाचं जन्मदात्यांशी साम्य दिसलं तर ते जनुकांमुळे, आणि दत्तक आईवडिलांशी दिसलं तर ते वातावरणामुळे. कल्पना खरंच सुंदर आहे, आणि तिने मोठं कामही केलं आहे.

दोन उदाहरणं बघा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मेरी स्कोडॅक आणि हॅरॉल्ड स्कील्स यांनी शंभर दत्तक मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९४९ मध्ये शेवटचा अहवाल छापला. मुलांचा सरासरी बुद्ध्यांक त्यांच्या जन्मदात्या आयांपेक्षा बराच वर निघाला. म्हणजे चांगल्या घराचा परिणाम झाला. पण मुलामुलांमधला क्रम बघितला तर तो जन्मदात्या आयांच्या क्रमाशी जास्त जुळत होता. सरासरी वातावरणाबद्दल बोलत होती आणि सहसंबंध जनुकांबद्दल. एकाच माहितीतून दोन्ही खरं निघू शकतं, हा धडा संख्याशास्त्राच्या पहिल्या सत्रातच शिकवायला हवा.

दुसरं उदाहरण डेन्मार्कचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्किझोफ्रेनिया झाला की आईच्या वागण्याला दोष देणारे मानसोपचारतज्ज्ञ कमी नव्हते. सेमूर केटी, डेव्हिड रोझेंथाल आणि पॉल वेंडर यांनी कोपनहेगन परिसरातल्या १९२४ ते १९४७ या काळातल्या दत्तक नोंदी घेतल्या. १९६८ मध्ये त्यांनी दाखवलं, की आजार झालेल्या दत्तक व्यक्तींच्या जन्माच्या नातेवाइकांत त्या प्रकारचे आजार जास्त आढळतात, वाढवणाऱ्या कुटुंबात नाही. पुढे या अभ्यासावर निदानाच्या निकषांवरून पुष्कळ टीका झाली, ती वाचण्यासारखी आहे. आपल्या कामाची गोष्ट मात्र त्यांनी नमुना कसा निवडला यात आहे. त्यांनी दत्तकाच्या सगळ्या नोंदी उचलल्या नाहीत. ज्यांना दत्तक घेणारे रक्ताच्या नात्यातले नव्हते, तेवढ्याच सुमारे साडेपाच हजार नोंदी त्यांनी ठेवल्या.

म्हणजे मूळ संशोधकांनी ही चाळणी आधीच लावली होती. आपण रकाना उचलला आणि चाळणी तिथेच राहिली.

पद्धतीची तीन गृहीतकं

कुठलाही दत्तक-अभ्यास वाचताना तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, दत्तक घेणारे आणि मूल यांच्यात रक्ताचं नातं नाही. दुसरी, मूल लहानपणीच गेलं आणि नंतर जन्मदात्यांचा त्याच्या वाढीवर परिणाम राहिला नाही. तिसरी, कोणतं मूल कोणत्या घरी जाईल हे मुलाच्या जन्मघराकडे बघून ठरवलेलं नाही. तिसरं मोडलं, म्हणजे शिकलेल्या आईचं मूल मुद्दाम शिकलेल्या घरी दिलं, तर जनुकं आणि वातावरण पुन्हा एकमेकांत मिसळतात.

आता ही तीन गृहीतकं आपल्या मातीत उभी राहतात का ते बघू. त्यासाठी दत्तक प्रत्यक्षात कसं चालतं ते माहीत हवं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना कायदा वाचायचा कंटाळा असतो, पण इथे कायदा हाच आपल्या नमुन्याचा आराखडा आहे.

१८७५ : एकाच वर्षातली दोन दत्तकं

मे १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. तो पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाला. मुलगा कुठूनही आणलेला नव्हता, गायकवाड घराण्याच्याच दूरच्या शाखेतला होता. त्याचे सख्खे भाऊ आनंदराव आणि संपतरावही पुढे बडोद्यातच वाढले.

त्याच वर्षी आपल्या पंढरपुरात न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाशी जोडलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. आज आपण त्याला वा. बा. नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखतो. वारीच्या गावात विधवा आणि फसवल्या गेलेल्या बायकांची मुलं मारली किंवा टाकली जात होती. ती वाचवावीत हा हेतू. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्येच असं गृह काढलं होतं, आणि तिथे जन्मलेल्या यशवंतला स्वतः दत्तक घेतलं होतं. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, फुल्यांशी ना रक्ताचं नातं ना जातीचं.

ही दोन चित्रं शेजारी ठेवा. बडोद्याच्या दत्तकात गादीला वारस हवा होता आणि मूल त्यासाठी निवडलं गेलं. यशवंतच्या बाबतीत मुलाला घर हवं होतं. केटींच्या चाळणीतून यशवंत पार झाला असता आणि सयाजीराव बाहेर राहिले असते. आपला रकाना दोघांसमोर ‘हो’ लिहितो. आणि आपला आजचा कायदाही याच दोन वाटांनी चालतो.

पहिली वाट : भाऊबंदांतलं दत्तक

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी १९५६ चा हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा आहे. इथे मूल देणारे असतात आईवडील (किंवा कायद्यातल्या अटींप्रमाणे पालक), आणि घेणारं घर बहुतेक वेळा ओळखीचं, नात्यातलं. प्रत्यक्ष देणं-घेणं ही मुख्य अट. होम झालाच पाहिजे असं नाही. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं आणि त्यावर देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या असल्या तर दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं न्यायालय गृहीत धरतं. मात्र नोंदणी सक्तीची नाही. घेणाऱ्याला मुलगा, नातू किंवा पणतू हयात असेल तर मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी किंवा मुलाची मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. घेणारा आणि मूल वेगवेगळ्या लिंगाचे असतील तर वयात निदान २१ वर्षांचं अंतर लागतं. मुलासाठी पैसे देणं-घेणं गुन्हा आहे. एकदा कायद्याने झालेलं दत्तक रद्द करता येत नाही.

मुलाचं वय १५ च्या आत आणि लग्न न झालेलं असावं, असाही नियम आहे, पण त्याला ‘रूढी असेल तर’ अशी पळवाट ठेवली आहे. आणि जुन्या मुंबई इलाख्यात नेमकी तशी रूढी होती. मोठ्या वयाचा, लग्न झालेला, इतकंच काय मुलंबाळं असलेला माणूसही दत्तक जाऊ शकत असे. न्यायालयांनी ही रूढी मान्य केलेली आहे.

दुसरी वाट : रांगेतलं दत्तक

दुसरी वाट २०१५ च्या बाल न्याय कायद्याची आणि २०२२ च्या दत्तक नियमावलीची. ही सगळ्या धर्मांसाठी खुली आहे. इथे मूल अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईवडिलांनी स्वाधीन केलेलं असतं. स्वाधीन करणाऱ्यांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. सोडलेल्या मुलाच्या आईवडिलांचा शोध घ्यायचा असतो. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत बाल कल्याण समितीने ते दत्तकासाठी कायद्याने मोकळं झाल्याचं जाहीर करायचं असतं. पालक पोर्टलवर नोंदणी करतात, समाजसेवक घरी येऊन गृहभेटीचा अहवाल लिहितात, आणि मग ज्येष्ठतेच्या रांगेप्रमाणे मुलाची माहिती मिळते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो.

आता गंमत बघा. याच कायद्यात नात्यातल्या दत्तकाचीही सोय आहे. जन्मदात्यांची संमती लागते, मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पण ‘नातेवाईक’ कोण, हे कायद्याने बांधून टाकलंय : वडिलांकडचे काका-आत्या, आईकडचे मामा-मावशी, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. संपलं. चुलत भाऊ यात नाही, सख्खा मोठा भाऊ किंवा बहीणही नाही.

ही व्याख्या मला फार तोकडी वाटते, आणि तिचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. आईवडील गेल्यावर धाकट्याला थोरल्या बहिणीने वाढवलं, ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. हिंदू कुटुंबाला निदान १९५६ च्या कायद्यात जागा शोधता येते. सोलापुरातल्या मुस्लिम किंवा ख्रिस्ती कुटुंबाकडे नात्यातल्या दत्तकासाठी बाल न्याय कायद्याचंच दार आहे. ते बंद असेल तर उरतं १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखालचं पालकत्व, आणि ते मूल सज्ञान झालं की संपतं. २०१४ च्या शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. दार सगळ्यांना खुलं झालं, पण नात्यातल्या मुलासाठी ते अजून अरुंदच आहे. संशोधकासाठी याचा अर्थ असा, की ‘कायदेशीर दत्तक’ हा निकष लावला तर तुमच्या नमुन्यातून विशिष्ट धर्माची आणि विशिष्ट नात्यांची मुलं आपोआप गळतात.

आता गृहीतकं तपासू

पहिलं, रक्ताचं नातं. सख्खा काका आणि पुतण्या यांची सरासरी २५ टक्के जनुकं समान वंशातून आलेली असतात. मावशी-भाचा, आजोबा-नातू यांचंही तेवढंच. समजा उंचीची हेरिटेबिलिटी ०.८ धरली. तर वातावरणाचा काहीही परिणाम नसला तरी काका-पुतण्याच्या उंचीत ०.२५ गुणिले ०.८, म्हणजे ०.२ एवढा सहसंबंध अपेक्षित आहे. हा काकाच दत्तक वडील असेल तर तुम्ही तो ०.२ बघून लिहाल : ‘संगोपनाचा परिणाम दिसून आला.’ प्रत्यक्षात तो पूर्णपणे जनुकांचा आहे. ‘हो’ म्हणणाऱ्या शंभरांत साठ जण काकांकडे गेलेले आणि चाळीस अनोळखी घरी गेलेले असले, तरी ढोबळमानाने ०.१२ एवढा खोटा ‘वातावरणाचा परिणाम’ तुमच्या तक्त्यात उमटेल. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, पण गणित असंच चालतं.

आपल्या भागात ते आणखी वाढतं. दक्षिण महाराष्ट्रात मामेबहिणीशी लग्नाची रीत आहे. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या अनेक समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. सोलापुरात हे सगळे समाज शेजारी शेजारी राहतात. दत्तक घेणारे नवरा-बायको आधीच एकमेकांच्या नात्यातले असतील तर मूल काकाचाच नाही, काकूचाही रक्ताचा नातेवाईक निघू शकतो. पंचवीस टक्के हा आकडा तिथे सुरुवातीचा आकडा ठरतो.

दुसरं गृहीतक, लहानपणीच वेगळं होणं. ‘धाकटीने आपला मुलगा थोरल्या जावेच्या ओटीत घातला’ असं आपण ऐकतो, तेव्हा दोन्ही जावा कित्येकदा एकाच वाड्यात, एकाच चुलीवर जेवत असतात. मुलाने जन्मदात्रीला काकू म्हणायचं, एवढाच बदल. अन्न, पाणी, शाळा, शेतातलं काम तेच. अशा घरात जन्मदात्यांशी जे साम्य दिसेल ते निव्वळ जनुकांचं म्हणता येत नाही. म्हणजे बघा, घोटाळा दोन्ही बाजूंनी आहे. दत्तक आईवडिलांशी असलेल्या सहसंबंधात जनुकं घुसली, आणि जन्मदात्यांशी असलेल्या सहसंबंधात वातावरण घुसलं.

त्यात मोठ्या वयाचं दत्तक मिळवा. साठीच्या एखाद्या शेतकऱ्याने ‘दत्तक’वर ‘हो’ म्हटलं, सातबाऱ्यावर दत्तक वडिलांचं नाव आहे, दत्तकपत्रही आहे. पण तो पंचविसाव्या वर्षी, लग्न झाल्यावर, शेत सांभाळायला दत्तक गेलेला असू शकतो. त्याची उंची, त्याचं शिक्षण, त्याच्या खाण्याच्या सवयी सगळं जन्मघरी घडलं. तुमच्या विश्लेषणात मात्र त्याचं बालपण दत्तक घरात मोजलं जाणार. त्याच गावात जन्मापासून मावशीने वाढवलेली एखादी मुलगी ‘नाही’ म्हणेल, कारण कागद कधी झालाच नाही. ज्याला वगळायला हवं तो आत, आणि जिची माहिती हवी ती बाहेर.

तिसरं गृहीतक, कोणतं मूल कोणाकडे. इथे आपली दुसरी वाट खरं तर बऱ्यापैकी चांगली आहे. पूर्वी संस्था स्वतः मूल आणि पालक यांची जोडी लावत. २०१५ मध्ये सगळी व्यवस्था केंद्रीय पोर्टलवर, ज्येष्ठतेच्या रांगेवर गेली. रांग पालकांची पदवी बघत नाही. म्हणून २०१५ नंतरची माहिती या गृहीतकाला जास्त जवळची आहे, आणि आधीची व नंतरची मुलं एकत्र मिसळणं बरोबर नाही. तरीही रांग म्हणजे लॉटरी नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ च्या आत लागते, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. म्हणजे वयस्क जोडप्यांकडे मोठी मुलं जाणार, हे नियमानेच ठरलं. मोठं मूल म्हणजे बहुधा संस्थेत जास्त काळ काढलेलं मूल. पालकांचं वय आणि मुलाचा संस्थेतला काळ इथे जोडलेले आहेत, हे विसरून ‘वयस्क पालकांची मुलं मागे पडतात’ असं कोणी लिहिलं तर तो पालकांवर अन्याय होईल.

संस्थेतला काळ किती महत्त्वाचा असतो हे रुमानियातल्या बुखारेस्ट प्रकल्पाने दाखवलं. तिथे अनाथालयातल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक पद्धतीने पालक कुटुंबांत पाठवलं. कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक वाढ चांगली झाली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त. आपल्या रकान्यात ‘कधी’ हा शब्दच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. दत्तक मूल आणि त्याच घरातलं पोटचं मूल यांची तुलना हा या पद्धतीतला आवडता आराखडा आहे. पण १९५६ च्या कायद्याखाली मुलगा असताना मुलगा दत्तक घेता येत नाही. त्या वाटेने आलेल्या घरांत ‘एक पोटचा, एक दत्तक’ अशी दोन मुलग्यांची जोडी मिळाली, तर पोटचा बहुधा नंतर जन्मलेला असतो. म्हणजे दत्तक तेवढा थोरला. जन्मक्रमाचा परिणाम आणि दत्तकाचा परिणाम वेगळे कसे काढणार?

मग सरकारी आकडे वापरू या?

हा प्रश्न येतोच. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाने २०२४-२५ या वर्षात ४,५१५ दत्तकं नोंदवली. हा आकडा ‘भारतात दरवर्षी एवढी मुलं दत्तक जातात’ असा बिनधास्त लिहिला जातो. पण बाल न्याय कायद्याचं कलम ५६ स्वतःच सांगतं, की १९५६ च्या कायद्याखाली होणाऱ्या दत्तकाला हा कायदा लागू नाही. म्हणजे दत्तकपत्राने झालेली देशातली घरगुती दत्तकं या आकड्यात धरलेली नाहीत. त्यातली काही दुय्यम निबंधकाच्या दप्तरात असतील, आणि नोंदणी सक्तीची नसल्यामुळे काही कुठेच नसतील. आकडा खोटा नाही, तो एका वाटेचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही सावध राहा. त्याच्या कुटुंब-यादीत दत्तक, सांभाळायला आणलेलं आणि सावत्र मूल या तिघांना मिळून एकच सांकेतिक क्रमांक आहे. त्यातून ‘दत्तक मुलं’ वेगळी काढता येत नाहीत. शिवाय काकाकडे वाढणारं मूल त्यात ‘पुतण्या’ म्हणूनही नोंदलं जाऊ शकतं.

रकान्याऐवजी काय विचारायचं

टीका करून थांबणं सोपं असतं, म्हणून पर्यायही लिहिते. एका हो-नाहीच्या जागी हे विचारा :

१. जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंत तुम्हाला मुख्यतः कोणी वाढवलं? मधे घर बदललं का, कितव्या वर्षी?
२. वाढवणाऱ्या दोघांशी तुमचं जन्माचं नातं काय? नसेल तर ‘नाही’. दोघांचं वेगवेगळं लिहा.
३. त्या दोघांचं लग्नाआधी एकमेकांशी नातं होतं का?
४. लहानपणी जन्मदात्यांबरोबर राहणं, भेटणं किती होतं? एकाच घरात, एकाच गावात, क्वचित, कधीच नाही.
५. संस्थेत राहिला असाल तर किती महिने?
६. कागद कोणता : दत्तकपत्र, न्यायालयाचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, काहीच नाही? हा प्रश्न तुमच्या संशोधनाला कायदेशीर स्थिती हवी असेल तरच.

यात ‘दत्तक’ हा शब्द सहाव्या प्रश्नापर्यंत येत नाही, हे मुद्दाम आहे. आपल्याला मोजायचं आहे ते रक्ताचं नातं आणि वाढलेलं घर. शब्द कोणता लावायचा ते उत्तर देणाऱ्यावर सोडा.

आणि नात्यातल्या दत्तकाची माहिती फेकून द्यायची गरज नाही. नातं नेमकं माहीत असेल तर ज्याला आपण दोष म्हणालो तोच उपयोगी पडतो. गुराढोरांच्या पैदाशीचा अभ्यास करणारे वंशावळीतलं नातं थेट संख्याशास्त्रीय प्रतिमानात घालतात. काका ०.२५, चुलत भाऊ ०.१२५, परका शून्य. तसंच इथेही करता येतं. कोण कोणाच्या घरी वाढलं याचं दुसरं सारणी-कोष्टक शेजारी ठेवायचं. एकाच खानदानात काही मुलं जन्मघरी आणि काही काकांच्या घरी वाढली असतील, तर अशी माहिती परदेशी नोंदवह्यांत सहज मिळणार नाही. मात्र अट एकच : नातं विचारलेलं असलं पाहिजे.

विचारताना

शेवटचा मुद्दा पद्धतीचा नाही, माणसांचा आहे. नात्यातल्या दत्तकात गावाला माहीत असतं आणि कधीकधी फक्त मुलाला माहीत नसतं. ओसरीवर पाच माणसं बसलेली असताना तुम्ही फॉर्म वाचून दाखवलात आणि कोणीतरी आतून म्हणालं, ‘अहो, त्याचं हो लिहा की’, तर त्या घरात पुढे काय होईल याची जबाबदारी तुमच्या फाइलमध्ये कुठेही नोंदलेली नसते. संस्थेतून आलेल्या मुलांच्या दत्तक नोंदी नियमाने गोपनीय आहेत. मुळाचा शोध घ्यायचा हक्क त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे, अठरा वर्षांनंतर ती त्यासाठी अर्ज करू शकते. तो शोध तुमच्या सर्वेक्षणात अपघाताने लागता कामा नये.

म्हणून हे प्रश्न एकट्याला, वेगळं बसवून विचारा. उत्तर न देण्याचा पर्याय छापलेला असू द्या. रक्ताचे नमुने घेऊन जनुकीय तपासणी करणार असाल तर काम आणखी नाजूक होतं, कारण नातं तिथे न विचारताही दिसतं. ते दिसलं तर सांगायचं की नाही, कोणाला, कोणी, हे संमतीपत्रात आधीच लिहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मानवी जनुकशास्त्रावर वेगळं प्रकरण आहे. समितीसमोर जाण्याआधी ते पूर्ण वाचा, सारांश नको.

दवाखान्यातही हेच घडतं. ‘घरात कोणाला शुगर आहे?’ असं डॉक्टर विचारतात, आणि काकाकडे दत्तक गेलेला माणूस काकाचं सांगतो. काका सख्खा असल्यामुळे ते अर्धंमुर्धं उपयोगीही पडतं. पण समोरच्या घरात राहणाऱ्या, ज्यांना तो काका म्हणतो त्या जन्मदात्याला चाळिशीत मधुमेह झाला होता, हे केसपेपरवर येत नाही. तिथेही ‘दत्तक आहात का’ असं विचारून काम होणार नाही. ‘जन्म देणाऱ्या आईवडिलांपैकी कोणाला?’ असं हळू आवाजात, एकट्याला विचारलं तर कदाचित होईल.

तुमच्या सिनॉप्सिसच्या परिशिष्टात हा रकाना असेल तर आजच उघडून बघा. समितीने मंजूर केलेली प्रश्नावलीही सुधारून पुन्हा देता येते. माहिती गोळा झाल्यावर मात्र त्या ‘हो’मध्ये कोण काकाकडे गेला होता आणि कोण परक्या घरी, हे कुठल्याही सॉफ्टवेअरला सांगता येत नाही.